थांबल्यावर बघणारा मासा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात रीलफूट नावाचं तळं आहे. १८११-१२च्या हिवाळ्यात न्यू मॅड्रिडचे भूकंप झाले, मिसिसिपीकाठची जमीन खचली, पाणी आत शिरलं आणि सायप्रसचं उभं जंगल बुडालं. आपल्याकडे कोयनेला आधी जलाशय आला आणि मग १९६७चा भूकंप. इथे क्रम उलटा. त्या झाडांचे बुंधे आजही पाण्याखाली दबा धरून आहेत. ते चुकवत जायचं तर पुढे बघत वल्हवायला हवं, म्हणून तिथल्या कारागिरांनी ‘स्टंप जंपर’ ही खास नाव घडवली. तिची वल्ही सांध्याची असतात, त्यामुळे वल्हवणाऱ्याला पाठमोरं बसावं लागत नाही.

याच बुंध्यांच्या सावलीत क्रॉपी राहतो. पसरलेल्या पंजाएवढा, दोन्ही अंगांनी चपटा, चंदेरी, त्यावर काळे डाग. सनफिशच्या कुळातला, लार्जमाउथ बासचा भाऊबंद. पांढरा आणि काळा अशा त्याच्या दोन जाती. पाठीच्या पराचे टणक काटे मोजले तर पांढऱ्याला पाच-सहा, काळ्याला सात-आठ भरतात. काही लोक त्याला क्रॉपी म्हणतात, काही क्रॅपी आणि लुइझियानात तो साकाले होतो. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. आपल्या नदी-तलावांत तो नाही. पण त्याला गळाला लावणाऱ्यांसमोर जो प्रश्न रोज सकाळी उभा राहतो, तो आपल्या खाडीवर गरवणाऱ्यालाही कळेल: आमिष जिवंत लावायचं की बनावट?

जिवंत म्हणजे मिनो. फॅटहेड मिनो किंवा गोल्डन शायनर, बोटाच्या दोन पेरांएवढी मासळी, रोहू-कटल्याच्या लांबच्या नात्यातली. आर्कान्सामधल्या लोनोकच्या परिसरात ती तळ्यांमध्ये, शेतीसारखी पिकवली जाते. बनावट म्हणजे जिग. गळाच्या मानेशी शिशाचा मणी ओतून बसवलेला असतो आणि मागे पिसांचा किंवा मऊ प्लास्टिकचा झुपका. क्रॉपीसाठी हा मणी फार हलका लागतो, एक सोळांश औंसाचा म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, किंवा त्याच्याही निम्मा.

दुकानात, धक्क्यावर, नावेत या दोघांवरून वर्षानुवर्षं वाद चालतो. मला त्याचं सर्वांत चांगलं उत्तर सापडलं ते कॅन्सस विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामात. तिथे डब्ल्यू. जॉन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात पांढरा क्रॉपी पाण्यातले सूक्ष्म प्राणी कसे टिपतो याचा बारकाईने अभ्यास केला. तोवरचा समज असा होता की असा मासा पोहता पोहता शोधत राहतो. क्रॉपी तसं करत नाही. तो थोडं पुढे सरकतो, थांबतो, आणि बघतो फक्त थांबलेला असताना. काही दिसलं नाही तर पुन्हा थोडं सरकतो, पुन्हा थांबतो. ओब्रायन यांनी या शोधाला ‘सॉल्टेटरी’ म्हटलं. आपण टप्प्याटप्प्याचा शोध म्हणू. याहून नवलाची गोष्ट म्हणजे भक्ष्य मोठं असेल तर त्याचा टप्पा लांब आणि वेगवान होतो आणि थांबा आखूड. भक्ष्य बारीक असेल तर तो जास्त वेळ थांबून बघतो आणि जेमतेम पुढे सरकतो. शेतात बुजगावण्याजवळ उतरलेली टिटवी आठवा: चार पावलं तुरुतुरु धावते, थबकते, मान वळवते.

त्याआधी, १९८२मध्ये, डेव्हिड राइट आणि ओब्रायन यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली होती. एका जातीच्या चिलटाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. अशी अळी निश्चल असली की मासा जवळ येईपर्यंत ती त्याला सापडत नाही. हलली की लांबूनही दिसते. ही दोन निरीक्षणं शेजारी ठेवली की मिनो आणि जिगचा वाद वेगळाच दिसू लागतो. प्रयोग बारीक भक्ष्यावरचे आहेत, ते गळापर्यंत नेणं हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो. क्रॉपीच्या डोळ्यांसमोर आमिषाला मिळणारी वेळ म्हणजे त्याचा एक थांबा. त्या थांब्यात काहीतरी हललं पाहिजे. मिनो स्वतः हलतो. जिग हलतो तो माणसाच्या हाताने. निवड खरं तर हीच आहे: हालचाल कुणावर सोपवायची?

थंडीत हा प्रश्न सर्वांत कडक होतो. मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. पचन रेंगाळतं, भूक मंदावते, पाठलाग परवडत नाही. अशा वेळी एका जागी लटकून शेपटी हलवत राहणारा मिनो उपयोगी पडतो, कारण तो माशाच्या सुस्तीला पुरेल इतका वेळ समोर राहतो. जिग लावलाच तर तो जवळजवळ स्थिर धरावा लागतो, आणि इथेच बहुतेकांचा हात कच्चा पडतो. थंडीने काकडलेल्या बोटांनी पावणेदोन ग्रॅमचं वजन न हलवता, तरी ‘जिवंत’ ठेवणं सोपं नाही.

वसंतात पाणी सोळा ते वीस अंशांपर्यंत तापलं की क्रॉपी काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. नर तळाशी घरटं साफ करतो, अंड्यांची राखण करतो, आणि जवळ येणाऱ्यावर धावून जातो. त्या दिवसांत जिग भरपूर चालतो. एका बुंध्याजवळ टाकला, दोन क्षण थांबला, उचलला, पुढच्या बुंध्याशी टाकला. मिनो सांभाळत, बदलत, पुन्हा टोचत बसेपर्यंत जिगवाला दहा जागा तपासून येतो. मासे कुठे आहेत हेच ठाऊक नसेल तर जिगने शोध घ्यावा, जागा सापडली आणि तोंड लागत नसेल तर मिनो लावावा, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

रंगांवरून मात्र जितकं बोललं जातं तितकं बोलायचं कारण नाही. क्रॉपीच्या भाऊबंदाचा, लार्जमाउथ बासचा, इलिनॉय विद्यापीठात अभ्यास झाला. त्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या निघाल्या, हिरव्याला आणि तांबड्याला प्रतिसाद देणाऱ्या. हे दोन रंग तो चांगले ओळखतो. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत गफलत करतो, निळा आणि काळा यांतही. त्यात पाण्याचाही हात असतो. स्वच्छ पाण्यात तांबडा प्रकाश आधी शोषला जातो. पानं कुजून चहासारख्या झालेल्या पाण्यात निळा आधी जातो आणि पिवळ्या-तांबड्या छटा खोलवर टिकतात. म्हणून दुकानातल्या पन्नास रंगांपैकी माणसाला वेगळे भासणारे पुष्कळसे माशाला एकच दिसत असावेत. गढूळ पाण्यात उठून दिसणारा एक आणि नितळ पाण्यासाठी फिका एक, एवढं पुरे.

गढूळ पाण्यात मिनोची बाजू आणखी एका कारणाने वरचढ ठरते. माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली बारीक थरथर टिपते, तीही जवळूनच, अंगाच्या लांबीच्या एक-दोन पटींपर्यंत. डोळा चालत नाही तिथे ही रेषा चालते, आणि मिनोची थरथर अखंड असते. शिवाय गंध असतो. जखमी मिनोच्या कातडीतून एक रसायन पाण्यात सुटतं आणि आसपासचे मिनो घाबरून पांगतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८मध्ये दाखवलं. मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे हेच ते फ्रिश. प्लास्टिकच्या झुपक्यात यातलं काहीच नाही.

मिनो गळाला लावायची रीतही बघण्यासारखी आहे. नाव हळूहळू सरकत असेल तर गळ त्याच्या दोन्ही ओठांतून घालतात, म्हणजे तो तोंड पुढे करून पोहत येतो. तरंग्याखाली एका जागी ठेवायचा असेल तर पाठीच्या पराखालच्या कातडीतून, कणा टाळून. गळ बारीक तारेचा घेतात, दोन कारणांनी. एक म्हणजे मिनो जास्त वेळ जगतो. दुसरं रीलफूटसारख्या ठिकाणी कळतं: बुंध्यात अडकलेला गळ जोराने ओढला की तार सरळ होते, गळ सुटून येतो, दोरी तुटत नाही.

मिनो लावायचा तर बादलीची जबाबदारीही घ्यायला हवी. दहा अंशांच्या पाण्यात एका लिटरमागे साधारण अकरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसात. उन्हात ठेवलेल्या बादलीत मासळी गुदमरून मरते आणि दोष मात्र दुकानदाराला जातो. याहून मोठी चूक संध्याकाळी होते. उरलेले मिनो दया येऊन तळ्यात सोडले जातात, आणि त्यांच्याबरोबर परकी जात किंवा रोगही सुटतो. २००५ साली ग्रेट लेक्समध्ये माशांना रक्तस्राव करणारा व्हीएचएस विषाणू आढळला, त्यानंतर आमिषाची मासळी एका पाण्यातून दुसऱ्यात नेण्यावर कडक नियम आले. जिगही निर्दोष नाही. लून पक्षी शिशाचे मणी गिळून मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायरने एक औंस किंवा त्याहून हलक्या शिशाच्या जिगवर बंदी घातली. टंगस्टनचा मणी महाग पडतो, पण शिशाहून कितीतरी जड असल्याने तेवढ्याच वजनात लहान होतो. माझं मत विचाराल तर तोच घ्यावा.

अनुभवी माणूस पुष्कळदा वाद मिटवतो तो दोन्ही एकत्र करून: जिगच्या गळालाच बारीकसा मिनो टोचतो. मात्र आमिष कोणतंही असो, ते माशाच्या वर हवं. क्रॉपीचे डोळे मोठे, तोंड वरच्या बाजूला वळलेलं. तो खालून वर बघतो आणि वर उठून घेतो. त्यामुळे तरंगा नेहमीसारखा बुडत नाही. मासा आमिष घेऊन वर येतो, दोरीवरचं वजन उचललं जातं आणि उभा असलेला तरंगा पाण्यावर अलगद आडवा पडतो. नवखा माणूस तरंगा बुडायची वाट बघत बसतो. जाणता काठी हळूच उचलतो. झटका देत नाही, कारण क्रॉपीच्या जबड्याभोवतीची कातडी कागदासारखी पातळ असते, आणि गळ तिला फाडून बाहेर येतो.