उदक की सलिल? शब्दकोडं आणि पुराव्याचा भक्कमपणा

'पाणी, तीन अक्षरी.' वर्तमानपत्रातलं शब्दकोडं नेमाने सोडवणाऱ्यांना हे शोधसूत्र पाठ असतं. हात आपोआप 'उदक' लिहायला जातो. पण 'सलिल' पण बसतं आणि 'जीवन' पण. तिन्हींचा अर्थ पाणी, तिन्ही तीन अक्षरी. म्हणजे नुसत्या दिलेल्या अर्थावरून उत्तर ठरत नाही. मग कशावरून ठरतं? संशोधनात 'पुरावा भक्कम आहे' असं आपण सहज म्हणतो, त्याचा नेमका अर्थ याच प्रश्नात दडलेला आहे.

तत्त्वज्ञ सुझन हाक यांनी १९९३ साली आलेल्या 'एव्हिडन्स अँड इन्क्वायरी' या पुस्तकात शब्दकोड्याचीच उपमा वापरली आहे. कोड्यात दिलेला अर्थ म्हणजे अनुभवातून, निरीक्षणातून आलेला पुरावा. आधी भरलेले आडवे-उभे शब्द म्हणजे आपण आधीपासून खऱ्या मानलेल्या गोष्टी. एखादं उत्तर किती पक्कं, हे बघताना तीन प्रश्न विचारायचे:

१. दिलेला अर्थ आणि छेदणारे शब्द या उत्तराला किती आधार देतात?
२. ते छेदणारे शब्द स्वतः किती पक्के आहेत? आणि हे लक्षात ठेवा, आपलं उत्तर बाजूला ठेवून पक्के आहेत का?
३. एकूण कोडं किती भरून झालं आहे?

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. गडबड दुसऱ्यात होते. एक छोटं कोडं घेऊ. तीन बाय तीनची चौकट, मधलं घर काळं. मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर येतं, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळ्यासकट.

आडवे शब्द
१. पाणी (३)
३. सावध (३)

उभे शब्द
१. चांगले (३)
२. मसाल्यात वापरतात ती झाडाची वाळलेली कळी (३)

आडवा एक आणि उभा एक यांचं पहिलं घर सामाईक आहे. समजा तुम्ही आडवं 'उदक' लिहिलंत. मग 'चांगले' साठी 'उ'ने सुरू होणारा शब्द हवा. 'उत्तम'! अर्थ जुळला, अक्षरं जुळली, पहिलं अक्षरही जुळलं. आता कोणी विचारलं, 'उदक कशावरून?' तर तुम्ही म्हणणार, 'उत्तम बसतंय की.' आणि उत्तम कशावरून? 'उदक आहे ना वर.'

आता शेजारी बसलेल्याने 'सलिल' लिहिलं असेल, तर त्याला 'चांगले' साठी 'सरस' सुचेल. त्याचंही सगळं जुळलं. दोघांची उत्तरं आपापल्या जागी सुसंगत, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असणं शक्य नाही. म्हणजे दोन गोष्टी एकमेकींशी जुळतात एवढ्यावरून त्या खऱ्या ठरत नाहीत. त्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असू शकतात.

कोंडी फुटते ती उभ्या दोनने. वाळलेली कळी म्हणजे लवंग. इथे 'उदक' किंवा 'सलिल' काहीही गृहीत धरावं लागत नाही, आणि दुसरा तीन अक्षरी पर्याय सहज सुचतही नाही. तिचं पहिलं अक्षर 'ल', म्हणजे आडव्या एकचं शेवटचं अक्षर 'ल'. उदक गेलं, जीवनही गेलं. सलिल राहिलं. शिवाय लवंगेचा 'ग' खाली आडव्या तीनच्या शेवटी येतो. 'सावध' साठी 'सतर्क' आणि 'सजग' दोन्ही सुचतात, पण 'ग' फक्त 'सजग'मध्ये. त्याचं पहिलं अक्षर 'स', आणि तेच 'सरस'चं शेवटचं. 'उत्तम' असतं तर तिथे 'म' आला असता.

स लि ल
र ■ वं
स ज ग

तरीही सावध राहायला हवं. वरून सलिलमार्गे आणि खालून सजगमार्गे, असे दोन रस्ते 'सरस'पर्यंत पोचले, पण दोन्ही लवंगेपासूनच निघाले. लवंग चुकली तर दोन्ही रस्ते बंद. म्हणून सगळ्यात जास्त वेळा तपासायची ती लवंग.

हे मला माझ्या प्रबंधात महागात पडलं. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांवर तिथी, वार असतो, पण साल बरेचदा नसतं. छापील संग्रहात संपादक ते अंदाजाने कंसात घालतात. माझ्याकडे अशी तीन पत्रं होती, तिन्हींवर कंसात एकच साल. तीन स्वतंत्र पुरावे मिळाले म्हणून मी खुशीत एक प्रकरण लिहून काढलं. मग एकदा तळटीप नीट वाचली. पहिल्या पत्राचं साल संपादकांनी मजकुरावरून ठरवलं होतं, आणि उरलेल्या दोघांचं पहिल्यावरून. माझ्याकडे तीन पुरावे नव्हतेच. एकच होता, तीनदा छापलेला. जंत्री उघडून तिथी आणि वार कोणत्या सालात जुळतात ते मी स्वतः पाहिलं. दोन सालं जुळत होती. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

लिटरेचर रिव्ह्यू करतानाही हेच होतं. पाच लेखांत एकच विधान सापडतं आणि आपण 'अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे' असं लिहून मोकळे होतो. पाचही जण एकाच जुन्या लेखाचा हवाला देत असतील, तर ती पाच मतं नव्हेत. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या विधानासमोर वहीत एक ओळ लिहा: 'हे मला कशावरून कळलं, आणि ते कशावरून?' दोन-तीन पायऱ्या मागे जा. पुन्हा त्याच विधानापाशी आलात, तर ते उदक-उत्तम आहे. वेगळ्याच कशापाशी पोचलात, तर लवंग सापडली. मग ती तपासायला घ्या.

आणि हो, तोवर पेन्सिलच वापरा.