पठारावरचा गुरांचा डॉक्टर

सकाळी 6.30

पौषात आण्याच्या पठारावर चहाच्या आधी फोन वाजतो. पहिला नळवण्याकडचा. गाय नुकतीच माजावर आली आहे. सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी, म्हणून त्यांना सांजेची वेळ दिली. दुसरा पेमदऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीवरून, दोन गोऱ्हे खच्ची करायचेत. रंगदास स्वामींची पुण्यतिथी तोंडावर आली आहे. त्या यात्रेतल्या आमटी-भाकरीच्या दिवसांत इथं कुणी कुणाला सापडत नाही, तेव्हा सगळ्यांनाच कामं आधी उरकून हवीत. शिवाय थंडीत माश्या कमी. खच्चीकरणाला हेच दिवस बरे.

8.00

वस्तीवर खोडा नाही, जनावर दोरानं पाडावं लागतं. गोऱ्ह्यांना रात्रीपासून उपाशी ठेवलंय, ते मालकाला, आबांना, सांगावं लागत नाही. त्यांच्या तरुणपणी बैल बडवायचे. पाय बांधून पाडायचा, शिरा लाकडावर घ्यायच्या आणि मोगरीनं ठेचायच्या. "वरडणं पार घाटापर्यंत जायचं," आबा म्हणाले. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा खच्चीकरणाला मुभा देतो, पण ठरवून दिलेल्या पद्धतीनंच. मी आधी भुलीचं इंजेक्शन देतो आणि लागू पडेपर्यंत थांबतो. घाई झालेले मालक या वेळात तंबाखू मळतात.

मग चिमटा. याला बर्डिझो म्हणतात, नेपोलियोने बर्डिझो या इटालियन पशुवैद्याच्या नावावरून. अंगठा आणि बोटानं एका बाजूची वीर्यनलिका-रक्तवाहिन्यांची दोरी कातडीच्या कडेला ढकलायची, चिमट्यात धरायची आणि मिटायची. कट्कन आवाज येतो. थोडा वेळ तसंच धरून ठेवायचं, मग बोटभर खाली पुन्हा एकदा. दुसऱ्या बाजूला दाब थोडा वरखाली द्यायचा, दोन्ही खुणा एका रेषेत आल्या तर कातडीचाच रक्तपुरवठा तुटतो. कातडी फाटत नाही, रक्ताचा थेंब नाही. वृषणाला मी हातही लावत नाही. त्याचं रक्त बंद करतो, बाकीचं आपोआप होतं. चार-सहा आठवड्यांत ते आक्रसून जातं.

वृषण दोन कामं करतं. आतल्या बारीक नळ्यांत शुक्रजंतू तयार होतात आणि नळ्यांमधल्या जागेतल्या पेशी टेस्टोस्टेरॉन रक्तात सोडतात. चिमट्यानं दोन्ही जातात. म्हणून जुनी माणसं गोऱ्हा फार लहान असताना खच्ची करत नसत. मान भरायला आणि वशिंड चढायला ते हार्मोन लागतं. लवकर खच्ची केलेला बैल उंच, लांब पायांचा होतो, कारण हाडांची वाढ थांबवण्याचा निरोपही त्याच हार्मोनमधून जातो.

"आता महिना-दीड महिना याला गाईंत सोडू नका," मी सांगितलं. पुढच्या नळीत साठलेले शुक्रजंतू काही काळ तग धरतात.

दुसरा गोऱ्हा राहिला. आबांचा नातू आडवा आला, याला गाड्याला पळवायचाय, आंडीलच ठेवायचा. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून या तालुक्यांत पोरांच्या डोक्यात शर्यतीचा घाटच आहे. आबा काही बोलले नाहीत. मी चिमटा पुसून ठेवला.

12.30

कल्याण-नगर रस्त्यावर चहाला थांबलो. टपरीमागून एकजण आला. पंचविशीचा, चालताना पाय फाकवून टाकत होता.

"डॉक्टर, जरा बाजूला येता का?"

काल रात्री दूध काढताना पहिलारू गाईनं लाथ मारली, नेमकी तिथं. घरी सांगितलं, पोट दुखतंय. गेल्या उन्हाळ्यात लग्न झालंय.

"मी गुरांचा डॉक्टर आहे रे बाळा."

"म्हणून तर तुम्हाला विचारतो."

यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. दवाखान्याच्या रांगेत गावातलं कुणीतरी भेटतं, गाईच्या डॉक्टरशी बोलताना पाहिलं तर लोकांना गाईचंच काही वाटतं. तपासलं नाही, फक्त विचारलं. उलटी झाली, एकदा. लघवी साफ. डावी बाजू सुजून दुप्पट आणि आतली गोळी हाताला वेगळी लागत नाही. हे शेवटचं ऐकल्यावर मी चहा खाली ठेवला.

वृषणाला पांढरं, चिवट आवरण असतं. लाथेनं, मोटारसायकलच्या टाकीवर आपटून किंवा क्रिकेटच्या चेंडूनं बहुतेक वेळा नुसता मार बसतो, काही दिवसांत उतरतो आणि पुढं काहीच होत नाही. पण आवरण फाटलं तर आतला भाग बाहेर येतो. आवरण शाबूत असलं तरी आत रक्त साठून दाब वाढला की वृषणाचं स्वतःचं रक्त अडतं. सकाळी मी चिमट्यानं मुद्दाम केलं तेच, फक्त सावकाश. फाटलेलं आवरण 72 तासांच्या आत शिवलं तर बहुतेक वेळा वृषण वाचतं. नंतर काढून टाकण्याचीच वेळ येण्याची शक्यता वाढत जाते. कालच्या रात्रीपासून त्याचे पंधराएक तास गेलेच होते.

"मूल होईल ना?" त्यानं एवढंच विचारलं.

एका चांगल्या वृषणावर बाप होता येतं, आणि दाढी-मिशी, ताकद, इच्छा सगळं टिकतं. हे मी त्याला दोनदा सांगितलं. हार्मोनच्या पेशी जास्त चिवट असतात, शुक्रजंतूंच्या नळ्या नाजूक. म्हणून दोन्ही बाजूंना जबर मार बसलेल्या माणसाची मर्दानगी कधीकधी जशीच्या तशी दिसते आणि तपासणीत शुक्रजंतू मात्र सापडत नाहीत. उलटही लोक धरून बसतात. नसबंदीत फक्त नळी कापतात, रक्त आणि हार्मोन जागच्या जागी राहतात, तरी पठारावर तिला अजून खच्चीकरणच समजतात. बायकांच्या पोटावर टाके पडत राहतात ते या एका गैरसमजापायी, असं माझं मत.

मोटारसायकलवर जाऊ दिलं नाही. टपरीवाल्याच्या भावाची जीप होती. घाट उतरून आळेफाट्याला सोनोग्राफी, लागलं तर पुढं नारायणगाव किंवा पुणं.

3.30

गाय गाभडलेली, वार अडकलेली. कोपरापर्यंत हातमोजे घातल्याशिवाय हात घालत नाही. ब्रुसेलाचा संशय आला की मालकाला दूध उकळूनच प्यायला सांगतो. हा जंतू वळूच्या वृषणात सूज आणतो आणि माणसाच्याही.

5.30

नळवण्याकडची गाय. वीर्याची कांडी काढली, 0.25 मिलिलिटर, उणे 196 अंशांतून. रेतन म्हटलं की 1967 ला मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला उभी केलेली बाएफ संस्था इथं सगळ्यांच्या तोंडी आहे. वळू निवडताना त्याच्या वृषणकोशाचा घेर टेपनं मोजतात, हे मालकाला सांगितलं की हमखास हसू येतं. आजही आलं.

7.45

जीपवाल्याचा फोन. आवरण फाटलंय, थोडं. उजवी बाजू चांगली. आज रात्रीच शिवणार. पोरगा विचारतोय, पुढं काय करायचं?

ते तिथले डॉक्टर सांगतीलच, तरी मी सांगितलं. वीर्यतपासणी आता करून उपयोग नाही. नवा शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून तीन महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची मर्यादा मिलिलिटरमागं 1 कोटी 60 लाख आहे, त्याहून कमी आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही. हार्मोनची रक्ततपासणी करायला सांगितली तर सकाळीच करायची, दुपारी टेस्टोस्टेरॉन उतरलेलं असतं. आणि बायकोला खरं काय ते आजच सांग.

गोठा असलेल्या प्रत्येक घरानं एवढं ध्यानात ठेवावं. मार बसल्यावर दुखणं तासाभरात उतरलं नाही, सूज वाढली, उलटी झाली किंवा लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी सोनोग्राफी. आणि बारा ते अठरा वर्षांचा पोरगा मार न लागताही अचानक तिथं दुखतंय म्हणून कळवळला, तर पीळ पडलेला असू शकतो. तिथं हातात सहा तासच असतात, रात्र असली तरी गाडी काढा.