मधाला फेस आला

आषाढातील एका सकाळी आमच्या चंद्रपूरच्या घरी कोठीच्या खोलीतून काही फुटल्यासारखा आवाज झाला. धावत जाऊन पाहतो तो वैशाखात भरून ठेवलेल्या मधाच्या बरणीचे झाकण उडून पलीकडे पडलेले, बरणीच्या तोंडाशी पांढरा फेस आणि खोलीभर आंबूसगोड वास. हा मध वैनगंगेपलीकडून, गडचिरोलीच्या बाजूच्या एका खेड्यातून येणाऱ्या बाईकडून घेतलेला होता. उन्हाळ्यात चारोळी, मोहफुले, मध असा रानमेवा घेऊन ती आमच्या दारी येते. सासूबाईंनी बोट लावून चाखले आणि निकाल देऊन टाकला, "सूनबाई, खऱ्या मधाला कधी फेस येत नाही. गुळाचे पाणी घातले आहे तिने. पुन्हा तिला दारात उभी करू नका." घरातील सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, हे येथे कबूल केले पाहिजे.

रसायनशास्त्र शिकणारा आमचा पुतण्या त्या वेळी सुट्टीवर आला होता. तो फेस पाहून त्याला मात्र राग आला नाही, उलट आनंदच झाला. म्हणाला, "आजी, मध खोटाच असेल असे नाही. तो फार ओला आहे, एवढे नक्की." आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "काकू, याला नीट वळण दिले तर याचीच मीड होईल. ही जांभळे आहेतच घरात." जांभळांची टोपली त्याच दिवशी बाजारातून आली होती. पुढचे आठ दिवस आमच्या घरात मध, जांभूळ आणि कायदा यांखेरीज दुसरा विषय नव्हता. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

प्रथम फेसाचे कारण पाहू. मध टिकतो तो त्यात पाणी कमी आणि साखर फार, म्हणून. किण्वाचे सूक्ष्म जीव, ज्यांना आपण यीस्ट म्हणतो, ते थोडेबहुत प्रत्येक मधात असतात. परंतु शंभर भाग मधात पाणी सतरा-अठरा भागच असले, तर इतक्या दाट साखरेत त्यांना वाढताच येत नाही. पाणी वीस भागांच्या वर गेले की ते जागे होतात. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांतही मधातील पाण्याची मर्यादा शेकडा २० हीच ठरविलेली आहे. पुतण्याने ओळखीच्या प्रयोगशाळेतून पाणी मोजण्याची लहानशी दुर्बिणीसारखी नळी आणली. आमच्या मधात पाणी निघाले शेकडा २४. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला बहुतेक मध आग्या मोहोळाचा असतो. ही माशी पेटीत राहत नाही, उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला एकच मोठे पोळे उघड्यावर लटकविते. तिच्या मधात पाणी पुष्कळदा वीसच्या वर असतेच. म्हणजे त्या बाईने एक थेंबही पाणी घातले नसते, तरी पावसाळी हवेत झाकण उडाले असते. सासूबाईंना हे पटले नाही. "नळीला काय कळते?" असे म्हणून त्या देवघरात गेल्या.

आता मीडविषयी. हा शब्द परका असला तरी आपल्या 'मधु' शब्दाचा तो सख्खा भाऊ आहे. रशियन भाषेत मधाला जो शब्द आहे, तोही याच कुळातला. मधात पाणी घालून ते आंबविले की मीड होते, आणि त्यात फळ घातले की फळाची मीड. पोलंडमध्ये मध व पाणी यांच्या प्रमाणावरून तिच्या जाती ठरलेल्या आहेत. एक भाग मधास दोन भाग पाणी ही एक, तीन भाग पाणी ही दुसरी, अशा. इथिओपियात मधाच्या पेयात एका झुडपाची कडू पाने घालतात आणि त्याला तेज म्हणतात. पुण्यातही गेल्या दशकात रीतसर परवान्याने मीड बनविणारा कारखाना निघाला आहे. पुतण्याच्या डोक्यात हे वारे तिथलेच.

कृती ऐकताना सोपी वाटते. एक किलो मध, सुमारे सव्वातीन लिटर पाणी, किलोभर जांभळांचा बी काढलेला गर. हे सर्व निर्मळ भांड्यात घेऊन त्यात निवडक यीस्ट सोडायचे आणि वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी नळी तोंडाला लावायची. साखरेचे जवळजवळ निम्मे वजन मद्यार्क होते आणि जवळजवळ निम्मे वायू होऊन उडून जाते. आमच्या झाकणाला ज्याने उडविले, तो हाच वायू. एवढ्या मधातून शेकडा दहा-बाराच्या आसपास मद्यार्क येतो. फळ कशासाठी, असा प्रश्न मला पडला, कारण गोडी तर मधाची पुरेशी असते. त्याचे उत्तर मला फार आवडले. यीस्टला नुसती साखर पुरत नाही, नत्र आणि क्षार लागतात, आणि मधात ते अगदी थोडे असतात. म्हणून नुसत्या मधाची मीड कुथत कुथत, महिनोन् महिने चालते. फळ ती उणीव बरीचशी भरून काढते, वर आंबटपणा देते, आणि जांभळासारखे फळ असेल तर तुरटपणा व रंगही देते. काम शांतपणे, वीस-बावीस अंशांच्या उष्णतेत व्हावे लागते. चंद्रपुरात वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो. तिथे त्या ऋतूत हे आरंभणारा माणूस फक्त वास मारणारे पाणी तयार करील.

इथवर ऐकल्यावर आमच्या घरातील वडील मंडळींनी जी मुद्रा केली असेल, ती वाचकांना डोळ्यांपुढे आणता येईल. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार सांगून द्विजांना तिन्ही वर्ज्य केले आहेत. गुळाची, पिठाची, आणि तिसरी माध्वी. माध्वी म्हणजे मधाची, की मधूक म्हणजे मोहाच्या फुलांची, असा अर्थाचा घोळ आहेच. पण कोणताही अर्थ घेतला तरी या दोन जिल्ह्यांच्या रानावर तो बरोबर बसतो. मात्र पूर्वजांना ही विद्या ठाऊक नव्हती, असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, आसवांची मोजदाद केली आहे. फळांची सव्वीस, फुलांची दहा, अशी धान्य, मूळ, साल वगैरे मिळून एकंदर चौऱ्याऐंशी. फळांच्या यादीत जांभूळ आहे, बोर आहे, आवळा, चारोळी, उंबर, कवठ आहे. फुलांत मोह आहे आणि धायटी आहे. ही यादी हाती घेऊन कोणी ताडोबाच्या किंवा आलापल्लीच्या बाजूस निघाला, तर बरीचशी झाडे त्याला वाटेतच भेटतील. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात आसवाचे जे माप दिले आहे, त्यात शंभर पल कवठ, पाचशे पल काकवी आणि वर प्रस्थभर मध आहे. आमच्या पुतण्याची जांभळांची मीड याहून किती निराळी? त्याच प्रकरणात गृहस्थांना विशेष प्रसंगी आणि औषधासाठी घरी करण्याची मुभाही आहे, बाकी सारे राजाच्या देखरेखीखाली.

आणि द्राक्षासव, कुमारीआसव यांच्या बाटल्या तर ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही, त्या घरातही असतात. त्यांच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात स्वयंनिर्मित मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. मी ते पुतण्याच्या सांगण्यावरून प्रथमच वाचले. आसवारिष्टांत धायटीची फुले घालतात ती या किण्वाला चालना देण्यासाठीच. सासऱ्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, बाटली जागच्या जागी ठेवली आणि म्हणाले, "औषध ते औषध." यावर कोणी वाद घातला नाही.

पुतण्याला अडविले ते मनूने नव्हे. कायद्याने आणि या प्रदेशाने अडविले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, परवान्यावाचून मद्य तयार करणे हा राज्यभर गुन्हा आहे. मग ते भट्टीचे असो की काचेच्या बरणीतले, विकण्यासाठी असो की घरच्या जेवणासाठी. इंग्लंड-अमेरिकेत घरच्यापुरते करण्याची मोकळीक आहे, तिथली पुस्तके वाचून येथे हात घालू नये. गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. ती वरून उतरली नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने आणि गावोगावच्या स्त्रियांच्या आग्रहाने ती आली. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात त्यासाठी डिसेंबर २०१० मध्ये स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ साली शासनाने ती उठविली. उठविणे योग्य की अयोग्य, यावर आमच्याच घरात दोन तट आहेत. चोरटी दारू वाढली होती हे खरे, आणि ज्या बायका चालत गेल्या त्यांना कोणी विचारले नाही हेही खरे. माझे मत दुसऱ्या बाजूस झुकते.

मोहाचे झाड या सर्व कथेच्या मध्यभागी उभे आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची रसाळ फुले पहाटे गळतात आणि बायका-मुले ती वेचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. गोंड-माडिया घरांत ती भाकरीत जाते, भाजून खातात, दुष्काळात त्यांनीच पोट भरले आहे. देवकार्यालाही मोहाचीच लागते. हीच फुले भट्टीत गेली म्हणजे त्याच घरातील बाईच्या पाठीवर वळ उठतात. २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे व नेणे यांवरील निर्बंध शासनाने सैल केले, हे बरे झाले. फुलाने कोणाचे काय बिघडविले होते?

पुतण्याने दोन दिवस तोंड फुगविले आणि नंतर आपली सारी विद्या उलट दिशेने लावली. किण्व वाढावे म्हणून जे करायचे, त्याच्या नेमके उलटे केले की फळ मधात टिकते. जांभळे धुऊन, बी काढून, गर चाळणीने गाळून घेतला. लोखंडी किंवा पितळेची कढई टाळून स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात तो मंद आचेवर आटविला. थेंब ताटलीवर टाकला असता भोवती पाण्याचे कडे उमटले नाही, तेव्हा उतरविला. मध तापवू नये हे चरकाचे सांगणे सासूबाईंना पाठ, म्हणून गर पूर्ण निवल्यावरच त्याच्या वजनाइतका मध, तोही पेढीवरचा दाट, त्यात कालविला आणि कोरड्या बरणीत भरून शीतकपाटात ठेवला. पोळीशी उत्तम लागला. मुलांनी तो पंधरा दिवसांतच संपविला, ही गोष्ट वेगळी. फेसाळलेल्या मधाचा प्रश्न राहिला होता. सौम्य उष्णतेने किण्व मरते, पण तापविण्यास घरात मज्जाव. शेवटी तो परसात गेला, आणि दोन किलो मध मातीत ओतताना मला त्या बाईची आठवण झाली.

पुढच्या वैशाखात ती आली. सासूबाई ओसरीवरच बसल्या होत्या. मी तिला पाणी दिले आणि मध कसा काढता, असे विचारले. तिने जे सांगितले त्यात लपवाछपवी नव्हती. रात्री मशाल घेऊन माणूस झाडावर चढतो, माश्या जळतात किंवा उडतात, सगळे पोळे खाली येते, आणि अंडी-अळ्या, पराग, पिकलेला-न पिकलेला मध, सारे एकाच फडक्यात पिळले जाते. कारण गावात येणारा व्यापारी वजनावर पैसे देतो, दाटपणावर नाही. माशी मध पिकवून घराला मेणाचे झाकण घालते, तेव्हाच त्यातले पाणी कमी झालेले असते. उघड्या घरांतला मध पाणचट असतो. आमच्या बरणीतला फेस बहुतेक तिथून निघाला होता. आग्या मोहोळात मधाचा भाग वरच्या कोपऱ्यात एकवटलेला असतो. अंगावर जाळीचा पोशाख घालून तेवढाच भाग कापला आणि पिल्लांचे पोळे राखले, तर माश्या तिथेच राहून तो पुन्हा भरतात. वर्ध्याच्या बाजूस ही रीत शिकविली गेली आहे. तिच्या पाहुण्यांच्या गावातील एक मुलगा ती शिकून आला होता, हे तिला ठाऊक होते.

"मग तसाच आणा ना," मी म्हटले.

ती हसली. तसा काढला तर मध निम्माही निघत नाही, आणि पैसे कोण देणार, असे तिने विचारले. रानावर आता गावांचा हक्क आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला तो २००९ साली मिळाला, त्यानंतर पुष्कळ गावांना मिळाला. मधाचा भाव ठरविणे ग्रामसभेच्या हाती येऊ शकते, पण शहरातले गिऱ्हाईक स्वस्त बरणी मागते तोवर त्या हक्काचे काय करायचे, हा तिचा प्रश्न मला निरुत्तर करून गेला.

आम्ही चार घरांनी मिळून झाकलेल्या पोळ्याचाच मध घेण्याचे ठरविले आणि तिला तसे कळविले. ज्येष्ठ संपताना ती आली. मध थोडाच होता, पण दाट, नळीत पाणी निघाले शेकडा २०. गुळाच्या पाण्याची गोष्ट सासूबाईंनी काढली नाही, तिला बसायला पाट मात्र स्वतः आणून दिला. भाव तिने गेल्या वर्षीच्या दुप्पट सांगितला. सासूबाईंनी घासाघीस केली, पण थोडीच.