इंजिनाची सनद

नाशिकजवळच्या ओझर येथे लढाऊ विमाने तयार करण्याचा मोठा कारखाना आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या या कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई विमाने तयार झाली. सुखोई विमानाला दोन इंजिने असतात. आपल्या देशात घडवलेल्या तेजस विमानाला मात्र एकच इंजिन आहे. हे एकुलते एक इंजिन हवेत बंद पडले आणि पुन्हा सुरूच झाले नाही, तर वैमानिकाने काय करावे? धावपट्टी जवळ असेल तर विमान तरंगत खाली आणावे. नाहीतर आसनासकट बाहेर फेकले जाऊन हवाई छत्रीने उतरावे. तिसरा मार्ग नाही.

मग असे इंजिन उडण्यास योग्य आहे, हे कोण ठरवते? ज्यांनी ते बनवले त्यांनीच ठरवले, तर ते आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्यासारखे होईल. म्हणून बनवणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे असतात. आपल्या देशात सैनिकी विमानांना व त्यांच्या इंजिनांना उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र देण्याचे काम बंगळूरचे एक केंद्र करते. ते १९९५ साली स्थापन झाले. त्याला थोडक्यात 'सेमिलॅक' म्हणतात. प्रमाणपत्राला उर्दूत 'सनद' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हा शब्द मराठीतही आहे. आपण येथे तोच वापरू.

इंजिनाला सनद देणारा अभियंता कसा तयार होतो, ते आता पाहू. यंत्रशास्त्राची किंवा विमानशास्त्राची पदवी ही त्याची केवळ सुरुवात असते. पुण्याजवळ गिरीनगर येथे संरक्षण खात्याच्या अभियंत्यांना पुढचे शिक्षण देणारी एक संस्था आहे. अशा संस्थांत गणित आणि धातुशास्त्र शिकता येते. पण इंजिनावर किती विश्वास ठेवावा, हे चाचणीघरात आणि मोडलेल्या भागांकडे पाहूनच कळते.

जेट इंजिनाच्या आत एका दांड्यावर चकत्या बसवलेल्या असतात आणि चकत्यांच्या कडेला पाती असतात. हा सारा डोलारा मिनिटाला दहा हजारांहून अधिक वेळा फिरतो. अनेक आधुनिक लढाऊ इंजिनांत पात्यांवर येणाऱ्या वायूचे तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या उष्णतेत पात्याचा धातू वितळूनही जाईल! म्हणून पाती आतून पोकळ करतात, त्यांना बारीक छिद्रे ठेवतात आणि त्यांतून त्या मानाने थंड हवा खेळवतात. एखादे छिद्र जरी बुजले, तरी तेवढा भाग जळू लागतो.

चाचणीघरात इंजिनाची कठोर परीक्षा होते. चालू इंजिनात हवेच्या तोफेतून मेलेले पक्षी सोडतात, पाणी ओततात. पूर्ण वेगात असताना एखादे पाते मुद्दाम तोडतात आणि तुटलेला तुकडा इंजिनाचे कवच फोडून बाहेर येतो का, ते पाहतात. शिकाऊ अभियंत्याला येथे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला शिकवतात : हा भाग मोडला, तर पुढे काय होईल?

इंजिन आज चालले म्हणून उद्याही चालेल, असे मात्र नाही. लोखंडी तारेचा तुकडा घेऊन तो एकाच जागी वाकवा आणि सरळ करा. पहिल्यांदा काही होणार नाही. काही वेळा असे केल्यावर तार तुटेल. धातूच्या या अवस्थेला 'थकवा' म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या एफ-१५ विमानांत एफ-१०० नावाचे नवे इंजिन बसवले. कागदावरचा हिशेब चोख होता. पण लढाऊ वैमानिक कसरती करताना इंजिनाचा जोर क्षणात वाढवतो, क्षणात कमी करतो. हे किती वेळा घडते, याचा आधीचा अंदाज फार कमी निघाला. प्रत्येक वेळी धातू तापत होता, ताणला जात होता आणि लवकर थकत होता. तेव्हापासून अशा इंजिनाचे वय केवळ तासांत न मोजता जोराच्या चढउतारांच्या फेऱ्यांतही मोजले जाऊ लागले.

दुसरी घटना प्रवासी विमानाची आहे, पण सैनिकी अभियंत्यांनीही ती अभ्यासण्यासारखी आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची चकती उडता उडता फुटली. तुकड्यांनी विमानाचे नियंत्रण करणाऱ्या तेलाच्या तिन्ही नळ्या निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांच्या जोरावर विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले, तरीही शंभरहून अधिक माणसे दगावली. पुढे तीन महिन्यांनी मक्याच्या शेतात कापणी चालू असताना त्या चकतीचा मोठा भाग सापडला. तिला १८,००० फेऱ्यांचे आयुष्य ठरवून दिले होते. ती १५,५०३ फेऱ्यांतच फुटली. १९७१ साली धातू ओतला तेव्हाच त्यात एक बारीक दोष राहिला होता. त्यातून तडा वाढत गेला. शेवटची तपासणी झाली तेव्हा तो दिसण्याइतका मोठा असावा, पण तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटला. म्हणून अभियंत्याला धातूबरोबर माणसाचाही अभ्यास करावा लागतो. दमलेला डोळा काय पाहू शकत नाही? एकसारख्या शंभर चकत्या पाहिल्यावर एकशे एकावी कशी दिसते?

सर्वांत कठीण धडा पुस्तकात नसतो. समजा, एका इंजिनात तडा सापडला. तसलीच इंजिने आणखी पन्नास विमानांत आहेत. सगळी विमाने जमिनीवर ठेवावीत का? तसे केले तर सरहद्दीवर कोण उडणार? उडू दिली आणि एक पडले तर? जमिनीवर उभे असलेले विमान सर्वांत सुरक्षित असते हे खरे, पण त्यासाठी कोणी विमाने बांधत नाही! अशा वेळी अभियंता तडा किती वेगाने वाढतो याचा हिशेब करतो. मग कधी तपासण्या लवकर घ्यायला सांगतो, कधी इंजिनाच्या जोरावर मर्यादा घालतो, कधी सरळ 'नाही' म्हणतो. वरिष्ठ घाई करत असतानाही 'नाही' म्हणता यावे, म्हणून पुरावा नीट मांडून अहवाल लिहिण्याचा सराव त्याला करावा लागतो. मला तरी हा सराव गणिताइतकाच मोलाचा वाटतो.

सनद एकदा दिली की काम संपत नाही. इंजिनातील प्रत्येक महत्त्वाच्या चकतीवर क्रमांक कोरलेला असतो आणि तिच्या फेऱ्यांची नोंद ठेवली जाते. ठरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्या की चकती काढून टाकतात. ती नव्यासारखी चकाकत असते, कोठे ओरखडाही नसतो. तरीही करवतीने कापून तिचे तुकडे करतात, म्हणजे ती चुकूनही पुन्हा कोणत्या इंजिनात बसणार नाही.