त्सुनामी : भूगोलाच्या तासातील एक आवश्यक पाठ

दि. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी थायलंडमधील फुकेत बेटाच्या किनाऱ्यावर दहा वर्षांची एक इंग्रज मुलगी आईवडिलांसह फिरत होती. समुद्र फेसाळला होता. पाणी वर येत होते, पण मागे जात नव्हते. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला हीच लक्षणे सांगितली होती. तिने आग्रह धरला, किनारा रिकामा करण्यात आला आणि तेथील सुमारे शंभर माणसे वाचली. त्याच दिवशी हिंदी महासागराभोवती दोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

विद्यार्थ्यांस प्रथम लाटांमधील भेद समजावून द्यावा. नेहमीची लाट वाऱ्याने उठते व पाण्याच्या वरच्या थरापुरती असते. त्सुनामीत बहुधा भूकंपाने समुद्रतळ एकाएकी वरखाली होतो व तळापासूनचे सर्व पाणी हलते. खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक असू शकतो. उंची मात्र इतकी अल्प की नावेतील माणसास ती जाणवत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होताच तिचा पुढील भाग मंदावतो, मागील पाणी त्यावर दाटते व लाट उंच होते. धावत्या रांगेतील पुढची मुले थबकली म्हणजे मागे कशी दाटी होते, हे मैदानावर करून दाखवावे.

पुढील खुणा फळ्यावर लिहून पाठ करून घ्याव्यात :

(१) किनाऱ्यावर भूकंपाचा जोराचा अथवा बराच वेळ टिकणारा धक्का.
(२) अवेळी पाणी दूरवर ओसरणे अथवा सारखे चढत राहणे.
(३) समुद्राकडून येणारा मोठा घरघराट.

उघड्या पडलेल्या तळावर मासे, शिंपले वेचण्याचा मोह प्राणघातक ठरतो. खूण दिसताच उंच जागी जावे. लाटा अनेक येतात व पहिलीच सर्वांत मोठी असते असे नाही. म्हणून परतण्याची घाई करू नये.

भूकंप दूर झाला असता धक्का जाणवेलच असे नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान किनाऱ्यावरील भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या व तेथेही माणसे दगावली. हैदराबाद येथील केंद्र २००७ पासून इशारे देते. ते मिळताच पाळावेत.

समुद्रकाठच्या शिक्षकांनी गावातील उंच जागा व तेथवरची वाट मुलांना प्रत्यक्ष दाखवावी. घाटावरील शिक्षकबंधुभगिनींनीही सहलीपूर्वी हा पाठ अवश्य घ्यावा. त्या मुलीची शाळाही समुद्रकाठी नव्हती.