योगोपचार : श्रद्धेला नोंदवहीची जोड

जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सकाळी दुकान उघडणारा व्यापारी रात्री शटर ओढेपर्यंत बहुतेक वेळ बसलेलाच असतो. पूर्वी गादी आणि लोड होता, आता खुर्ची आहे. बसणे मात्र तेच. जेवणाची वेळ गिऱ्हाईक ठरवते आणि झोपेची वेळ उधारी. चाळिशी उलटताच कंबर धरते, पन्नाशीत रक्तदाबाची गोळी सुरू होते, पुढे साखरेची चाचणी मागे लागते. घरातील कर्त्या स्त्रीचे गुडघे आणि निद्रानाश तर कोणाच्या हिशेबातही नसतात. अशा वेळी कोणीतरी योगशिबिराचे नाव सुचवतो. आठ दिवस अंग हलके वाटते, मन प्रसन्न होते आणि त्यानंतर बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते : योग सुटतो, किंवा गोळी सोडून दिली जाते. यातील दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते.

योगोपचार म्हणजे औषधाची सुट्टी नव्हे. तो औषधाच्या सोबतीने, तपासून आणि मोजून करावयाचा पूरक उपचार आहे. ही दृष्टी परदेशातून आलेली नाही. तिचा एक धागा थेट खान्देशातून जातो.

अमळनेरचे प्राचार्य

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले. पुढे ते अमळनेरला आले, खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात सामील झाले आणि १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच काळात नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली. हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने जगाला परिचित झाले.

गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. तरीही योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे होते. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रयोग केले. नौली करताना आतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. या अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. १९२७ मध्ये प्रकृती ढासळली असता महात्मा गांधींनीही पत्रव्यवहार करून त्यांचा सल्ला घेतला होता. डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला योगोपचारावरील ग्रंथ १९६३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केला. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. गुरूंनी दिलेली विद्याही तपासून घ्यावी, हा त्यांच्या आयुष्याचा धडा होय.

धुळ्याचाही एक दाखला आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. सहाव्या अध्यायावरील प्रवचनात चित्ताच्या एकाग्रतेबरोबर जीवनातील परिमितता त्यांनी आवश्यक मानली. परिमितता म्हणजे आहार, निद्रा, श्रम या सर्वांना माप असणे. मापात राहणे आणि माप घेणे, या दोन पायांवर योगोपचार उभा आहे.

आकडे काय सांगतात

योगाने सर्व रोग बरे होतात, असे म्हणणारे आणि योगाने काहीच होत नाही, असे म्हणणारे दोघेही घाई करतात. अमेरिकेतील वैद्यांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संस्थेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. औषधे देण्याआधी योजावयाच्या उपायांत तिने योगाचा समावेश केला. गादीवर बसून कंबर धरलेल्या व्यापाऱ्याला हा मोठाच दिलासा आहे.

हृदयरोगाबाबत डॉ. डीन ऑर्निश यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पुष्कळदा सांगितला जातो. योग, ध्यान आणि शाकाहार यांच्या वर्षभराच्या आचरणाने रक्तवाहिन्यांतील अडथळे काहीसे कमी झाल्याचे त्यात दिसले. मात्र रुग्णांची संख्या पन्नासच्या आत होती. शिवाय त्या शाकाहारात स्निग्ध पदार्थांचे प्रमाण अतिशय कमी होते आणि धूम्रपान वर्ज्य होते. शेव, फरसाण आणि तुपाची धार असलेले ताट शाकाहारी असले, तरी त्या प्रयोगातील ताट नव्हे.

भारतातील २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांच्या योगक्रमानंतर रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटू लागली आणि पूर्वीची कामे ते अधिक प्रमाणात करू लागले. मात्र पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत निर्णायक म्हणता येईल अशी घट सिद्ध झाली नाही. लाभ आहे, पण गोळीची जागा घेण्याइतका नाही, असा या निष्कर्षाचा सरळ अर्थ आहे.

कायोत्सर्ग आणि शवासन

जैन कुटुंबांना योगाची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. आचार्य हरिभद्रांचे ‘योगबिंदु’ आणि ‘योगदृष्टिसमुच्चय’, शुभचंद्राचार्यांचा ‘ज्ञानार्णव’, हेमचंद्राचार्यांचे ‘योगशास्त्र’ ही परंपरा शतकानुशतकांची आहे. सहा आवश्यकांत कायोत्सर्ग आहेच. आचार्य तुलसी यांच्या प्रेरणेने आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रेक्षाध्यानातही कायोत्सर्ग हे प्रमुख अंग आहे.

कायोत्सर्गाचे ध्येय आत्मशुद्धी आहे. रक्तदाब उतरविणे नव्हे. परंतु दाण्यासाठी ज्वारी पेरणाऱ्याला कडबाही मिळतो. शरीर स्थिर, श्वास संथ आणि लक्ष एकेका अवयवावर, अशी दहा मिनिटे गेली की स्नायूंचा ताण सैलावतो आणि नाडी मंदावते. श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत सावकाश आणली, तर रक्तदाब सांभाळणारी शरीराची स्वाभाविक यंत्रणा अधिक तत्पर होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. शवासनाचा लाभही याच मार्गाने होतो. ४८ मिनिटांचे सामायिक करणाऱ्या घरात बैठक, वेळ आणि नियम ही तिन्ही आधीच आहेत. तेथे योगोपचाराला वेगळी जागा शोधावी लागत नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात रात्री उशिरा जेवण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो.

मनाचे दुखणे

व्यापारी घरांत ताप सांगितला जातो, मनाचे दुखणे झाकले जाते. कापसाचा भाव पडला, दिलेली रक्कम बुडाली, भावांत वाटणी झाली, मुलाने पेढीवर बसण्यास नकार दिला, की कर्ता पुरुष गप्प होतो. सोयरिकीत नाव निघेल या भीतीने घरचेही गप्प राहतात. संथ श्वसन, शिथिलीकरण आणि नियमित आसने यांनी चिंता व निद्रानाश यांना चांगला उतार पडू शकतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा निघत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे. तीव्र मनोविकारात एकट्याने दीर्घ ध्यान सुरू करणे अपायकारक ठरू शकते. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि समोरच्या माणसाला घराण्याचे नाव सांगावे लागत नाही.

कोणी काय टाळावे

योगोपचार शिकविणारा जाणकार प्रथम वैद्यकीय कागद पाहतो आणि मगच आसन सांगतो. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन करू नये. त्याने डोळ्यातील दाब वाढतो. रक्तदाब आटोक्यात नसताना किंवा हृदयविकार असताना वेगवान कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणे टाळावे. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी पुढे खोल वाकू नये. हर्निया असलेल्याने पोटावर ताण देणाऱ्या क्रिया डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नयेत. मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पर्युषणातील उपवासापूर्वी मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. उपवास आणि पूर्ण मात्रा एकत्र आल्या, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

पवनमुक्तासन, भुजंगासन, मकरासन, श्वास न रोखता केलेले अनुलोम-विलोम आणि शेवटी शवासन, एवढा पाऊण तासाचा क्रमही सुरुवातीला पुरेसा असतो. तोही प्रकृतीप्रमाणे बदलून घ्यावा. खान्देशातील वैशाखाचा उन्हाळा ध्यानात घेता सूर्योदयाच्या आसपासची वेळ उत्तम. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात योग व निसर्गोपचाराचा ‘सोहम’ विभाग आहे, तर धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शिकणे आणि तपासून घेणे या दोन्हींसाठी फार दूर जावे लागत नाही.

एक वही अधिक

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घराला नोंदीचे महत्त्व सांगावे लागत नाही. पेढीवरील रोकड रोज मोजली जाते. प्रकृतीची शिल्लक मात्र रुग्णालयाचे बिल हाती येईपर्यंत कोणी पाहत नाही. त्यासाठी वेगळी लहान वही घालावी. तारीख, रक्तदाब, साखर, झोपेचे तास, दुखण्याची तीव्रता, आणि त्या दिवशी योग झाला की नाही, एवढे सहा रकाने पुरतात. बारा आठवड्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांसमोर बसावे. आकडे सुधारले असतील, तर गोळी कमी करावी की नाही, हे डॉक्टर ठरवतील. सुधारले नसतील, तर योगक्रम बदलता येईल. दोन्ही बाबतींत निर्णय अंदाजाने न होता नोंदीवरून होईल. आणि त्या वहीत घरातील कर्त्या स्त्रीचेही एक पान असावे. तिच्या प्रकृतीचे खाते कित्येक वर्षे उघडलेलेच नसते.