गाव तशी तलफ

आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात बायका पिढ्यानपिढ्या चुट्टा, म्हणजे तंबाखूची गावठी चिरूट, ओढत आल्या आहेत, आणि तोही पेटलेलं टोक तोंडात धरून. निखारा टाळूखाली, ओठ मिटलेले, हात कामाला मोकळे. 1966 च्या सुमारास टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता यांच्या पथकाने घरोघर जाऊन गावकऱ्यांची तोंडं तपासली. श्रीकाकुलमबरोबर केरळातलं एर्नाकुलम, गुजरातेतलं भावनगर आणि त्या वेळच्या बिहारमधले दरभंगा व सिंगभूम असे पाच जिल्हे निवडले होते. तपासलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली. एरवी क्वचित दिसणारा टाळूचा कर्करोग श्रीकाकुलममध्ये ठळकपणे दिसला, कारण निखारा तिथेच धरला जात होता. आपल्या शेजारी गोव्यातही फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली धुमटी काही बायका अशीच उलटी ओढत. तिथल्या गावांचीही याच संशोधकांनी पुढे स्वतंत्र पाहणी केली.

व्यसन म्हटलं की आपण लगेच माणसाच्या स्वभावावर येतो: मन कमकुवत, संगत वाईट. पण तंबाखू कोणत्या रूपात हाताशी येणार, ती कुठे खपवून घेतली जाणार आणि कुठे नजरेत सलणार, याचा निकाल बऱ्याच अंशी तो माणूस जन्मला ते गाव, राहतो ती वस्ती आणि राबतो ती जागा लावत असते. स्वभावाचा नंबर त्यानंतर लागतो.

2016-17 साली झालेल्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचे आकडे पाहा. देशात 28.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. खेड्यांत हे प्रमाण 32.5 टक्के, शहरांत 21.2. मिझोराममध्ये धूम्रपान करणारे 34.4 टक्के आहेत, म्हणजे जवळपास दर तिसरा माणूस. शिवाय तिथे तंबाखूचा धूर पाण्यात मुरवतात आणि ते पाणी, तुइबुर, तोंडात धरतात. पंजाबात शीख धर्माने तंबाखू निषिद्ध मानली, त्याची छाया आकड्यांतही दिसते: एकूण तंबाखूसेवन 13.4 टक्के. आणि महाराष्ट्रात धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के, राज्यांमध्ये सर्वांत कमी.

या शेवटच्या आकड्यावर समाधान मानून पान उलटणं धोक्याचं आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरताना आढळले. आपल्याकडे तंबाखू कमी नाही. ती गालात, ओठाखाली आणि हिरड्यांवर आहे.

असं का झालं, याचं उत्तर बरंचसं कामाच्या जागेत सापडतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत कापसाचे तंतू हवेत तरंगत असायचे; तिथे काडी ओढणं म्हणजे आगीला आमंत्रण. तळहातावर चुना घालून मळलेली चिमूट ओठाखाली ठेवली की धूर नाही, ठिणगी नाही आणि साचा सोडून बाहेर जायची गरजही नाही. बारा तास उभं राहणाऱ्या पहारेकऱ्याला आणि शेतात वाकून खुरपणाऱ्या बाईलाही हेच सोयीचं. भूक मरते, झोप उडते, हात चालू राहतात. कष्टाची वस्ती आणि तंबाखूची पुडी यांचं नातं इथे जुळतं, आणि म्हणून मजुराला नुसते उपदेशाचे डोस पाजणं मला अन्यायाचं वाटतं.

विदर्भात गेलात की रूप बदलतं. नागपूर, भंडारा, गडचिरोलीकडच्या पानठेल्यावर सुपारीचा चुरा, जर्दा आणि चुना पन्नीत टाकून दोन्ही तळहातांनी जोर लावून घोटतात. घोटता घोटता मिश्रण गरम होतं, चुना सगळीकडे लागतो आणि त्याच पन्नीची पुडी बांधून हातात पडते. हा खर्रा. गंमत नाही, आजार आहे: सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते, जबडा उघडेनासा होतो, घास घेताना बोटंही आत जात नाहीत. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हे होतं.

याच विदर्भाच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपानं तोडली जातात, आणि सोलापूर, सिन्नरच्या घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. विडीचं पान इथलं, हात इथले; पण महाराष्ट्राच्या तोंडाला मुख्यतः चघळायची तंबाखू लागली आहे. पीक किंवा कारखाना जवळ असला की तीच सवय लागते, असा सरळ हिशेब इथे मांडता येत नाही.

कोकणात आणि घाटावर घराच्या आतलं रूप आहे मशेरीचं. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची. घरभर खाट उठते, पोरं खोकत बाहेर पळतात. मग ती चुरून डबीत भरायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर लावायची. सकाळी दात घासायला म्हणून सुरुवात, मग दुपारी, मग संध्याकाळी. जी बाई चारचौघांत विडी ओढली तर गावभर चर्चा होईल, तिला सासू स्वतःच्या डबीतली मशेरी देते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण ते दात घासणं असतं. नोकरीसाठी नवरा मुंबईला आला की डबीही चाळीत येते.

या मशेरीचं मोजमाप मुंबईतच झालं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी 1,217 गर्भवतींचा मागोवा घेतला आणि 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं इतर बाळांपेक्षा सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली. त्या आयांच्या वापरात मुख्यतः मशेरीच होती.

आता कायद्याकडे पाहू. सार्वजनिक जागी धूम्रपान बंद व्हावं म्हणून मुंबईच्या मुरली देवरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 2001 मध्ये तसा आदेश मिळवला. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, 2008 च्या गांधी जयंतीपासून नियम कडक झाले. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. बसमध्ये शेजाऱ्याचा धूर गिळावा लागत नाही ही मोठी कमाई आहे. पण ‘धूम्रपान निषिद्ध’ ही पाटी मशेरीवालीला आणि खर्रा घोटणाऱ्याला लागूच होत नाही. 2012 साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली, तर सुपारी आणि जर्द्याच्या पुड्या वेगवेगळ्या मिळू लागल्या. घ्यायच्या आणि हातावर एकत्र करायच्या.

गोव्याने 1997 मध्येच धूम्रपानाबरोबर थुंकण्यावरही बंदी आणणारा कायदा केला. कर्करोग शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांच्या चळवळीचा त्यामागे मोठा हात होता. वरच्या सर्वेक्षणात गोव्यातलं एकूण तंबाखूसेवन 9.7 टक्के आहे, देशात सर्वांत कमी. ते सगळं कायद्याचं फळ म्हणता येणार नाही. पण महाराष्ट्रातलं बांदा आणि गोव्यातलं पेडणे यांच्यामध्ये ना डोंगर आड येतो, ना भाषेची भिंत, आणि तरीही दोन राज्यांच्या आकड्यांत एवढं अंतर आहे. गावची सवय दगडावरची रेघ नसते, एवढं तरी यातून दिसतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सरकार व टाटा ट्रस्टच्या साथीने 2016 पासून चालवलेला ‘मुक्तिपथ’ उपक्रमही याच जाणिवेतून आला. एकेका माणसाला समजावण्यावर न थांबता तिथे गावानेच एकत्र येऊन दारू आणि तंबाखूची विक्री थांबवायची असते.

दवाखान्यात केसपेपर लिहिताना विचारतात, “विडी-सिगारेट ओढता का?” सातव्या महिन्यातली बाई मान हलवून नाही म्हणते. ती खरंच सांगत असते. प्रश्न रत्नागिरीत “मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?” असा हवा आणि भंडाऱ्यात “खर्रा किती लागतो?” असा. तो विचारायला आशाताईला यंत्र लागत नाही की औषध. सोडायची इच्छा असेल त्याच्यासाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे. तिचा नंबर पुडीवर छापलेला असतो. मशेरी घरी भाजली जाते, तिच्या डबीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून तो नंबर त्या बाईला तोंडी सांगावा लागेल.